जेरी राइस ‘कुणालाच नको’ होता? कागदपत्रं काही वेगळंच सांगतात

‘जेरी राइसला ४० यार्ड धावायला ४.७१ सेकंद लागायचे. खेड्यातल्या अनोळखी कॉलेजातला गवंड्याचा पोरगा, कुणालाच नको होता. सॅन फ्रान्सिस्कोनं कसाबसा घेतला, पहिल्या वर्षी सपशेल आपटला, मग रोज टेकडी चढून जगातला सर्वोत्तम वाइड रिसीव्हर झाला.’ अमेरिकन फुटबॉलपटू राइसबद्दल या आशयाचा मजकूर प्रेरणादायी विचारांच्या ढिगात हमखास सापडतो. (वाइड रिसीव्हर म्हणजे पुढे धावत जाऊन फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू.) त्यातला गवंड्याचा पोरगा खरा, टेकडीही खरी. बाकीच्याची झाडाझडती घ्यायला हवी.

‘कुणालाच नको होता’

१९८५ साली अमेरिकेत व्यावसायिक फुटबॉलच्या दोन लीग होत्या. एनएफएलशी टक्कर देऊ पाहणाऱ्या यूएसएफएलच्या ड्राफ्टमध्ये (संघांनी पाळीपाळीनं कॉलेजचे खेळाडू निवडायची प्रक्रिया) त्या वर्षी सगळ्यात आधी उचललेलं नाव राइसचं होतं; बर्मिंगहॅम स्टॅलियन्सनं त्याला घेतलं. तो तिकडे खेळला नाही, पण नको असलेल्या पोराला कुणी पहिल्या क्रमांकावर घेत नाही.

एनएफएलमध्ये तो १६वा गेला. तेव्हा लीगमध्ये २८ संघ होते आणि जानेवारीत सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकल्यामुळे सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सची पाळी पहिल्या फेरीत सगळ्यांच्या शेवटी, २८वी होती. प्रशिक्षक बिल वॉल्श हात बांधून बसले असते तर राइस हाती लागणं कठीण होतं. त्यांनी पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीतल्या आपल्या निवडी न्यू इंग्लंडच्या संघाला दिल्या आणि बदल्यात १६वी निवड व तिसऱ्या फेरीतली थोडी वरची एक जागा घेतली. १७व्या क्रमांकावर डॅलस काउबॉइज बसले होते. बारा पायऱ्या चढायला एवढी किंमत मोजली, याला ‘कसाबसा घेतला’ म्हणत नाहीत.

मजकुरातला खरा कण एवढाच की त्याच्याआधी दोन वाइड रिसीव्हर गेले: दहावा अल टून, तेरावा एडी ब्राउन. दोघेही चांगले निघाले, त्यातल्या ब्राउनला तर एपी या वृत्तसंस्थेचा त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित आक्रमक खेळाडूचा मान मिळाला.

‘अनोळखी कॉलेज’

मिसिसिपी व्हॅली स्टेट, गाव इटा बेना. कृष्णवर्णीयांसाठी उभं राहिलेलं लहान विद्यापीठ, हे बरोबर. पण १९८४ मध्ये प्रशिक्षक आर्ची कूली यांचा हा संघ सामन्याला सरासरी साठाहून जास्त गुण करत होता. क्वार्टरबॅक विली टॉटन फेकायचा आणि राइस झेलायचा. त्या हंगामात राइसचे २७ टचडाउन कॅच (सहा गुण मिळवून देणारे झेल) झाले. त्याआधी १९८३ मध्ये सदर्न विद्यापीठाविरुद्ध एकाच सामन्यात त्यानं २४ झेल घेतले होते. देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला मिळणाऱ्या हाइसमन ट्रॉफीच्या मतदानात तो नववा आला. लहान कॉलेजच्या पोराला एवढी मतं सहसा पडत नाहीत.

शंका होत्या, पण वेगळ्या. कूली कधीकधी चार रिसीव्हर एकाच बाजूला एकामागे एक उभे करत. असल्या रचनेत आणि दुय्यम श्रेणीच्या बचावासमोर केलेले आकडे वरच्या पातळीवर टिकतील का, हा प्रश्न रास्तच होता.

‘मंद होता’

राइसच्या ४० यार्डांच्या वेळा एकाहून अधिक सांगितल्या जातात. ४.७१ ही त्यांतली सर्वांत वाईट, म्हणून गोष्टीला सोयीची. हातातल्या स्टॉपवॉचच्या काळात मैदान, वारा आणि घड्याळ दाबणारा बदलला की आकडाही बदलायचा.

तरी ४.७१ खरी मानू. ४.५वाल्याशी फरक ०.२१ सेकंदाचा, म्हणजे शर्यतीच्या शेवटी सुमारे दोन यार्डांचा. सरळ धावायचं असेल तर तो कमी नाही. पण रिसीव्हर फार कमी वेळा सरळ ४० यार्ड धावतो. तो दहा-बारा यार्ड जाऊन वळतो, आणि समोरचा कॉर्नरबॅक, म्हणजे त्याला अडवणारा बचावपटू, उलट पावलांनी मागे सरकत त्याची कंबर बघत असतो. वळण्याआधी रिसीव्हरनं पावलं आखूड केली, छाती उचलली, की कॉर्नरबॅक ओळखतो आणि तिथेच झडप घालतो. राइस वळेपर्यंत वेग मोडत नसे आणि वळून लगेच पुन्हा वेग पकडे. दोन यार्ड तो तिथे वसूल करायचा. स्टॉपवॉच हे मोजत नाही.

(शाळा बुडवताना उपमुख्याध्यापकांनी पकडलं तेव्हा तो असा पळाला की त्यांनी त्याला शिक्षेसोबत फुटबॉल प्रशिक्षकाकडेही धाडलं, हा किस्सा राइस स्वतः सांगतो. मंद पोराची गोष्ट सांगणारे हा किस्सा सोयीनं गाळतात.)

‘पहिल्या वर्षी आपटला’

४९ झेल, ९२७ यार्ड, ३ टचडाउन कॅच. झेलामागे १८.९ यार्ड. नवोदिताचं हे अपयश असेल तर निम्मी लीग अपयशी म्हणावी लागेल. झेल ४९च का, याचं उत्तर संघातच आहे: त्या वर्षी रनिंग बॅक (मुख्यतः चेंडू घेऊन धावणारा) रॉजर क्रेगनं ९२ झेल घेतले, लीगमध्ये सर्वाधिक. चेंडू एकच असतो.

हातातले चेंडू सुटत होते आणि कँडलस्टिक पार्क या घरच्या मैदानावर प्रेक्षक हुर्यो उडवत होते, हे मात्र खरं. पण दोष हातांचा नव्हता. वॉल्श यांच्या पद्धतीत क्वार्टरबॅक ठरावीक पावलं मागे जातो, कधी तीन, कधी पाच, आणि शेवटच्या पावलाला चेंडू सोडतो. बऱ्याचदा रिसीव्हर वळायच्या आधीच. शिवाय समोरचा बचाव बघून रिसीव्हरनं धावता धावता मार्ग बदलायचा असतो. ‘हा झोन की मॅन?’ (बचावपटू जागा राखताहेत की एकेका खेळाडूला) हे मनात घोळवत जो धावतो, त्याची मान उशिरा वळते, तोवर चेंडू छातीवर येऊन आदळलेला असतो. दुसरी चूक म्हणजे झेल पक्का व्हायच्या आत पुढच्या धावेसाठी नजर काढून घेणं. भावानं खालून फेकलेल्या विटा झेलून हात तयार झाले म्हणतात. असतील, पण वीट आपला मार्ग बदलायला सांगत नाही.

डोक्यातला हिशेब अंगवळणी पडू लागल्यावर काय झालं ते ९ डिसेंबर १९८५ला दिसलं. लॉस एंजेलिस रॅम्सविरुद्ध १० झेल, २४१ यार्ड. सामना संघ २७-२० असा हरला, तो भाग वेगळा.

‘टेकडीनं घडवलं’

कॅलिफोर्नियातल्या सॅन कार्लोसची ती चढण सुमारे चार किलोमीटरची. क्रेगच्या जोडीनं राइस ती चढायचा. त्यानं चौथ्या, म्हणजे शेवटच्या, क्वार्टरमध्ये पाय टिकतात, बचाव वाचता येत नाही. त्याची दुसरी सवय जास्त उपयोगी होती: सरावातला प्रत्येक झेल, मग तो पाच यार्डांचा का असेना, एंड झोनपर्यंत, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यापर्यंत, धावत नेणं.

१९८६ मध्ये ८६ झेल, १५७० यार्ड, १५ टचडाउन. यार्ड आणि टचडाउन कॅच दोन्हींत लीगमध्ये पहिला, तेही पाठीच्या शस्त्रक्रियेमुळे संघाचा क्वार्टरबॅक जो माँटाना निम्मा हंगाम बाहेर असताना. आणि तरीही जानेवारी १९८७ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सविरुद्धच्या प्लेऑफमध्ये (बाद फेरीत), समोर मैदान मोकळं असताना, कुणी न शिवता त्याच्या हातून चेंडू निसटला. तो सामना संघ ४९-३ हरला. पुढच्या हंगामात खेळाडूंच्या संपामुळे राइसच्या वाट्याला १२च सामने आले. त्यांत त्यानं २२ टचडाउन कॅच घेतले. तो विक्रम २००७ मध्ये रँडी मॉसनं एका टचडाउननं मोडला, १६ सामने खेळून.