वीरधवल खाडेबद्दलचा मेसेज चुकीचा आहे

निपाणी, खानापूर, बेळगावच्या ग्रुपवर सध्या फिरतंय: 'आपल्या बेळगावच्या वीरधवल खाडेने १९व्या वर्षी ऑलिंपिकमध्ये बटरफ्लायचं कांस्य जिंकलं, जलतरणातलं भारताचं पहिलं पदक!'

वय, बटरफ्लाय आणि पदकाचा रंग एवढंच बरोबर. वीरधवल कोल्हापूरचा. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये सोळाव्या वर्षी तो उतरला होता, पण फ्रीस्टाइलमध्ये, आणि तिथं पदक नव्हतं. कांस्य आलं २०१०मध्ये, ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत, ५० मीटर बटरफ्लायला. स्पर्धेच्या अधिकृत निकालात वेळ आहे २४.३१ सेकंद. बटरफ्लाय पोहताना दोन्ही हात एकदमच पाण्याबाहेर काढायचे, शेवटी भिंतीलाही दोन्ही हात एकाच वेळी टेकवायचे. या स्ट्रोकमध्ये ही वेळ गाठणं सोपं नाही. मुळात ५० मीटर बटरफ्लाय तेव्हा ऑलिंपिकमध्ये नव्हतंच.

'पहिलं पदक' हेही खरं नाही. १९५१ला दिल्लीत सचिन नाग यांनी आशियाई सुवर्ण जिंकलं होतं. १९८६ला सोलमध्ये खजान सिंग यांनी २०० मीटर बटरफ्लायचं रौप्य मिळवलं. त्यानंतर २४ वर्षांनी वीरधवलचं कांस्य आलं, आणि मला त्याचं मोल यातच वाटतं.

आपल्या तलावांवर पोहायला शिकणारी पोरं हे मेसेज वाचतात. म्हणून कळकळीची विनंती, तो पुढं पाठवू नका. ज्यांना पाठवलाय त्यांना हा खुलासा पाठवा.