सिनेमातून गाळलेली आत्या

‘टू किल अ मॉकिंगबर्ड’चा १९६२चा सिनेमा उत्तमच आहे, ग्रेगरी पेकला ऑस्कर मिळालं ते योग्यच. पण माझं त्या सिनेमाशी एक कायमचं भांडण आहे. त्यात अलेक्झांड्रा आत्याच नाही! तिला गाळलं की वर्णद्वेष सगळा घराबाहेर. खोटा आरोप करणाऱ्या बॉब युएलच्या तोंडी, ज्युरीच्या बाकांवर. नायक असलेल्या वकील ॲटिकस फिंचचं घर मात्र स्वच्छ. हार्पर लीच्या मूळ कादंबरीत तसं नाही. तिथे वर्णद्वेष आत्याच्या रूपाने बॅग घेऊन दारात येतो आणि घरच्या काळ्या स्वयंपाकिणीला, कॅल्पर्नियाला, फर्मावतो, ही समोरच्या खोलीत ठेव.

आत्या म्हणजे ॲटिकसची सख्खी बहीण. भाऊ अलाबामात, १९३०च्या दशकात, एका काळ्या माणसाचा खटला लढतोय आणि गाव तोंडसुख घेतंय, म्हणून स्वतःचं घर सोडून भावाकडे राहायला येते. माया नसती तर आली असती का? पण आल्यावर करते काय? ॲटिकसच्या मुलीला, स्काउटला, ‘मुलीसारखं’ वागायला लावू बघते. स्काउटच्या वर्गातल्या वॉल्टर कनिंगहॅमला घरी बोलवायचं नाही, का, तर पोरगा हलक्या घरचा. आणि कॅल्पर्नियाला काढून टाक म्हणून भावाच्या मागे लागते. आईविना पोरं जिने वाढवली, तिला! ॲटिकस साफ नकार देतो. पुढे नाश्त्याच्या वेळी कॅल्पर्निया आत जाईपर्यंत थांबून हीच आत्या भावाला सुनावते, त्या लोकांसमोर असलं बोलत जाऊ नकोस. कुठल्या घराण्यात दारू, कुठल्यात जुगार, हे तिला तोंडपाठ. मला ती वाचताना क्षणभरही परकी वाटली नाही. ‘आपल्यात असलं चालत नाही’ हे ज्यांनी घरात ऐकलंय, त्यांनाही वाटणार नाही.

नाताळात तिचा नातू फ्रान्सिस ॲटिकसवरून स्काउटला जी घाणेरडी शिवी ऐकवतो, तीही ‘आजी म्हणते’ असं सांगूनच.

आणि मग तो चहाचा प्रसंग. बायकांचं मिशनरी मंडळ जमलंय. दूरदेशीच्या म्रुना लोकांसाठी गळे काढायचे आणि त्याच दमात आपापल्या काळ्या मोलकरणींच्या फुगलेल्या तोंडांची तक्रार करायची, असं चाललंय. ॲटिकस आत येऊन सांगतो, ज्याचा खटला तो लढला त्या टॉम रॉबिन्सनला तुरुंगातून पळताना मारलं. सतरा गोळ्या. तो कॅल्पर्नियाला घेऊन टॉमच्या बायकोकडे निघतो. इकडे आत्या मोडून पडते. शेजारच्या मिस मॉडीला म्हणते, त्याचं सगळंच मला पटतं असं नाही, पण भाऊ आहे माझा, आतून फाटत चाललाय तो, आणखी काय हवंय लोकांना त्याच्याकडून? दुःख शंभर टक्के खरं. पण या बोलण्यात टॉम कुठे आहे? त्याची बायको, पोरं? तिची माया घराण्याच्या कुंपणापाशी थांबते. त्या कुंपणाच्या आत मात्र ती जीव टाकेल.

शेवटी बॉब युएल मुलांवर हल्ला करतो त्या रात्री ती स्काउटला नेमके तिला स्वतःला डोळ्यांसमोर नको असलेले ओव्हरऑल आणून देते, चूक माझीच म्हणते. बघा, आत्या बदलली, असं बरेच जण यावरून म्हणतात. मलाही तिथे भरून येतं. पण बदलली कशावरून? भाचीसाठी एक हट्ट सोडणं वेगळं. कॅल्पर्नियाला काढायची मागणी तिने मागे घेतल्याचं एक वाक्य पुस्तकात सापडलं, तर पान क्रमांकासकट खाली कमेंटमध्ये टाका.