कॉम्प्युटरवाल्याला हाक कशी मारावी

तुमच्या ऑफिसात एक कॉम्प्युटरवाला असतो. त्याच्या ओळखपत्रावर 'सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' असं काहीतरी छापलेलं असतं, पण ते फक्त त्याच्या आईला पाठ असतं. बाकी सगळ्यांसाठी तो 'भावा' असतो आणि काम अडलं की 'कुठं उलथलाय तो?' गेली ११ वर्षं मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे धातू वितळवून ओतायच्या कारखान्यात, हाच प्राणी आहे. त्यामुळं त्याच्याकडून पुरेपूर काम कसं करून घ्यावं, हे सांगायचा थोडाफार अधिकार मला आहे.

सुरुवात हाकेपासून. काय बिघडलंय ते कधीही सांगू नका. 'नेट गेलंय' एवढंच म्हणा. या दोन शब्दांत प्रिंटरमध्ये अडकलेल्या कागदापासून माऊसच्या संपलेल्या सेलपर्यंत सगळं बसतं. फोनवर तर तेवढंही नको. 'जरा खाली ये की' म्हणा आणि ठेवून द्या. तो दोन जिने उतरून येईपर्यंत स्क्रीनवर आलेला मेसेज न वाचता बंद करून टाका. काय लिहिलं होतं असं त्यानं विचारलंच, तर 'काहीतरी इंग्रजीत होतं' हे उत्तर पुरतं. तुम्ही इंग्रजी घेऊन एम.ए. झाला असलात तरी पुरतं.

त्यानंतर लगेच म्हणायचं वाक्य: 'मी काय केलोच नाही.' आमच्या अकौंटच्या मॅडम हे फार निरागसपणे म्हणतात. (कोल्हापुरात बायकाही 'केलो', 'आलो' म्हणतात, पुण्याच्या पाहुण्यांनी दचकू नये.) आणि खरंच, त्यांनी काही केलेलं नसतं. टेबलाखाली फक्त पाय लांब केलेले असतात आणि एक्स्टेन्शन बोर्डाचं बटण नेमकं तिथंच असतं. मी वाकतो, बटण दाबतो, कॉम्प्युटर सुरू होतो. 'बघ, तू आलास की चालू होतंय. तुझ्या हाताला गुण हाय!' अशा वेळी त्याला खरं कारण सांगू देऊ नये. ऐकून घेतलंत तर पुढच्या वेळी त्याला बोलवायची गरजच उरणार नाही.

आता त्याच्या कामाची व्याप्ती. ज्याला वायर आहे ते त्याचं. एसी, सीसीटीव्ही, पाण्याचा फिल्टर, मालकांच्या नातवाचा टॅब. हजेरीचं अंगठ्याचं मशीन तर त्याचंच, कारण त्यावर लाल दिवा लागतो. आमच्याकडं मोल्डिंगवर, म्हणजे वाळूचे साचे करण्यात, १५-२० वर्षं घालवलेल्या मामा लोकांच्या बोटांवरच्या रेषा वाळूनं घासून सपाट झाल्यात. मशीनला अंगठा कळत नाही. ते बिचारे फडक्याला बोट पुसतात, फुंकर मारतात, परत टेकवतात आणि मशीन बाईच्या आवाजात इंग्रजीतून 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणत राहतं. ३० वर्षं भट्टीसमोर उभ्या राहिलेल्या माणसाला त्याचा अंगठा त्याचा नाही असं एक प्लास्टिकचा डबा सांगतो, आणि सगळे वळून माझ्याकडं बघतात. ही जागा विनोदाची नाही. पुढं जाऊ.

पासवर्डाबद्दल जास्त बोलत नाही. तो 'अंबाबाई१२३' ठेवावा, चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवावा आणि दर महिन्याला बदलायला लावला की शेवटचा आकडा एकानं वाढवावा. लोक हेच करतात म्हणून ठरावीक मुदतीनं पासवर्ड बदलायची सक्ती करू नका, असं अमेरिकेच्या मानक संस्थेनं २०१७ सालीच लिहून ठेवलंय. पण आमचे ऑडिटर अमेरिकेचं ऐकत नाहीत.

खरं प्रेम करावं ते वजनकाट्याच्या कॉम्प्युटरवर. प्रत्येक कारखान्यात असा एक म्हातारा असतो. आमच्या म्हाताऱ्यावर अजून विंडोज एक्सपी आहे. मायक्रोसॉफ्टनं ८ एप्रिल २०१४ ला एक्सपीचा हात सोडला, म्हणजे सुरक्षेचे अपडेट द्यायचे बंद केले. आम्ही नाही सोडला. काट्याचं सॉफ्टवेअर एका पोरानं लिहून दिलं होतं, तो पुढं परदेशी गेला आणि जाताना त्याची किल्ली घेऊन गेला. काट्याचा इंडिकेटर (वजनाचा आकडा दाखवणारा डबा) फक्त नऊ पिनांच्या सिरीयल पोर्टाशी, म्हणजे केबल जोडायच्या जुन्या खोबणीशी, बोलतो, आणि नव्या कॉम्प्युटरला तो पोर्ट सहसा नसतो. एकदा यूएसबीचा कन्व्हर्टर लावून बघितला, तर १३ टनांची गाडी १३० किलो दाखवली. स्क्रॅप घेऊन आलेल्या ड्रायव्हरनं माझ्याकडं जे बघितलं, ते बघणं मी अजून विसरलेलो नाही. कन्व्हर्टर कपाटात गेला.

त्या म्हाताऱ्याचं झाकण मी महिन्यातून एकदा काढतो आणि ब्लोअर मारतो. आतनं मोल्डिंगची काळी वाळू अशी उडते की समोरचा माणूस दिसत नाही. त्याला नेट जोडलेलं नाही, म्हणून तो जिवंत आहे. मागं एकदा काट्यावरच्या मामांनी मॅचचा स्कोअर बघायला मोबाईलचं नेट जोडलं होतं. मला घाम फुटला. पण आजची एकही वेबसाईट त्याच्या जुन्या ब्राउझरला उघडता आली नाही. अडाणी माणूस जसा कर्जाच्या फॉर्मवर सही करता येत नाही म्हणून वाचतो, तसा वाचला.

असा कॉम्प्युटर बदलायचा विषय बैठकीत कधी निघू देऊ नका. तो बंद पडला, बाहेर गाड्यांची रांग हायवेकडं सरकायला लागली, की कॉम्प्युटरवाल्याच्या डोक्यावर उभं राहून दर दोन मिनिटांनी विचारा, 'अजून किती वेळ?' त्यानं काम लवकर होतं असा अनुभव आहे. विचारणाऱ्यांचा.

खर्चाच्या मागणीला 'नाही' म्हणू नये. 'बघू की' म्हणावं. सर्व्हरची रॅम वाढवा, असा माझा अर्ज गेली सहा वर्षं 'बघू की'मध्ये आहे. मी खचलो नाही, कोल्हापूरकर आहे. १९७२ साली नगरपालिकेची महापालिका झाली, तेव्हापासून आपण हद्दवाढीची वाट बघतोय. काळम्मावाडी धरणाच्या थेट पाइपलाइनचं पाणी शेवटी २०२३ च्या नोव्हेंबरात शहरात आलंच. हायकोर्टाचं सर्किट बेंच २०२५ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालंच, वकिलांच्या दोन पिढ्या आंदोलनात गेल्या तरी. या हिशेबानं माझी आठ जीबी रॅम माझ्या निवृत्तीच्या आसपास यायला हरकत नाही.

सर्व्हर मात्र तळमजल्यावरच ठेवा. आमचं हेड ऑफिस शहरात आहे, व्हीनस कॉर्नरपासून चालत पाच मिनिटं. पावसाळ्यात कोल्हापूरचा माणूस घड्याळ बघत नाही, पंचगंगेची पातळी मोजतात तो राजाराम बंधारा बघतो. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, हे शाळेतल्या पोरालाही तोंडपाठ. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली होता, त्यामुळं मी कारखान्यात, सर्व्हर शहरात आणि आमच्या दोघांमध्ये नदी. मालकांचा फोन आला, 'अरे, बॅकअप आहे ना?' आहे म्हटलं. होताच. बाहेरच्या हार्ड डिस्कवर, रोज रात्री न चुकता. ती हार्ड डिस्क सर्व्हरच्याच कपाटात, खालच्या कप्प्यात होती. बॅकअप दुसऱ्या इमारतीत ठेवूया, असं मी लिहून दिलं होतं. तो कागद 'बघू की'च्या फायलीत होता आणि ती फाईल वरच्या मजल्यावर असल्यानं कोरडी राहिली.

पुढं पाच महिने अकौंटवाल्यांनी बिलं हातानं परत भरली. मॅडम तेव्हा माझ्याशी आठवडाभर बोलल्या नाहीत. नेट गेलं तरी बोलल्या नाहीत, यावरून काय ते समजा. या धड्यानंतर व्यवस्थापनानं तातडीनं निर्णय घेतला आणि सर्व्हर टेबलावर ठेवला. टेबल अडीच फुटांचं. २०२१ च्या जुलैत पाणी ५६ फुटांवर गेलं. या वेळी मात्र पाणी वाढतंय कळल्यावर मी आदल्या रात्रीच तिकडं गेलो आणि वॉचमनमामांना घेऊन सर्व्हर खांद्यावरनं वर नेला. दुसऱ्या दिवशी साहेबांचा पहिला प्रश्न: 'कालपासनं सर्व्हर बंद कसा काय?'

त्याचं कौतुक अजिबात होत नाही असं मात्र नाही. खंडेनवमीला होतं. तलवारी-बंदुकांच्या जागी आता सीपीयू आलेत, तेव्हा हळद-कुंकू सढळ हातानं कीबोर्डच्या फटीत टाका, झेंडूचा हार पंख्याच्या जाळीवरच घाला आणि नारळ यूपीएससमोर फोडा. पाणी थोडं उडतं. चालायचंच, त्याला दसऱ्याच्या सुट्टीत काहीतरी उद्योग हवा.

लग्नाच्या बाजारात त्याचं वर्णन जपून करा. 'मुलगा आयटीत आहे' म्हटलं की समोरची मंडळी पुढं सरकून बसतात. 'पुण्याला का? हिंजवडी?' 'नाही, इथंच. शिरोलीला.' की परत मागं टेकतात. एका काकांनी तर विचारलं, 'म्हणजे दुरुस्तीचं दुकान हाय का स्वतःचं?' दुकान असतं तर त्यांना चाललं असतं, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

शेवटचं, वेळ. त्याला हाक मारायची उत्तम वेळ म्हणजे सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी. परवा मी रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसलो होतो. भेळेचा पहिला घास तोंडात आणि फोन. स्टोअरचे साहेब.

'भावा, कुठं हाईस?'

'रंकाळ्यावर.'

'लई ब्येस झालं. माझं घर तिथनं जवळच हाय. टीव्हीवर नेट येईना झालंय. आणि येताना भेळ आण की दोन. वहिनी विचारतीया, कमी तिखट.'