विलायतेचा दाखला देऊ नका

आमच्या घरच्या ग्रुपवर सध्या एकच वाद पेटलाय. छत्रपती संभाजीनगरचं पाणी महापालिकेकडून काढून कंपनीच्या ताब्यात द्यावं, असं माझे चुलतभाऊ आणि मेहुणे ठासून सांगताहेत. दाखला इंग्लंडचा, म्हणजे मी राहतो तिथला. "तिकडं कंपन्या आहेत म्हणून चोवीस तास पाणी आहे. तूच सांग ना!" मग सांगतोच.

चोवीस तास पाणी आहे, हे खरं. पण ते आजच्या कंपन्यांनी आणलेलं नाही, आणि गटारंही त्यांनी बांधलेली नाहीत. 1858च्या उन्हाळ्यात लंडनच्या थेम्स नदीला अशी दुर्गंधी सुटली की संसदेत बसवेना, तेव्हा कुठं इंजिनियर जोसेफ बॅझलजेटच्या भुयारी गटारांना मंजुरी मिळाली. ते सगळं सार्वजनिक काम होतं. आजच्या कंपन्या आल्या 1989 साली, पंतप्रधान थॅचरबाईंच्या राज्यात. तेव्हा सुमारे 5 अब्ज पौंडांची जुनी देणी सरकारनं माफ केली आणि मगच कारभार त्यांच्या हाती दिला. आज लंडनला पाणी देणाऱ्या एकट्या थेम्स वॉटर कंपनीवर 20 अब्ज पौंडांच्या घरात कर्ज आहे. 2023 मध्ये इंग्लंडच्या नद्यांत आणि समुद्रात मिळून 36 लाख तास मैलापाणी सोडलं गेलं. मे 2025 मध्ये थेम्स वॉटरला 12 कोटी 27 लाख पौंडांचा दंड झाला, मैलापाण्यासाठी आणि भागधारकांना वाटलेल्या लाभांशासाठीही. पाऊस पडून गेला की इथं पोरांना नदीत उतरू देत नाहीत. आणि स्कॉटलंडनं पाणी विकलंच नाही, ते आजही सरकारी संस्थेकडं आहे. तिथलेही नळ चोवीस तास चालतात, हे ग्रुपवर कुणी का सांगत नाही?

बरं, आपल्याकडं हा प्रयोग झालाच नाही असंही नाही. समांतर जलवाहिनी विसरलात? 2014 मध्ये शहराचं पाणी कंपनीकडं गेलं, 2016 मध्ये महापालिकेनं करार मोडला. त्या दोन वर्षांत आपल्या गल्लीतला पाणी साठवायचा एक तरी ड्रम कमी झाला का?

मेहुण्यांचं म्हणणं, मराठवाड्यात पाणीच नाही तर महापालिका काय करणार. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, ते मलाही आठवतं. मावशी तिथंच आहे. मांजरा धरण कोरडं पडलं की लातूरकर काय करणार? पण आपलं दुखणं वेगळं आहे. नाथसागर, म्हणजे पैठणचं जायकवाडी धरण, शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर. तो काठोकाठ भरतो, दरवाजे उघडतात, सगळे पैठणला फोटो काढायला जातात आणि आपल्या नळाला आठवड्यानं पाणी येतं. धरणात आहे ते पाणी घरात येत नाही, कारण जुन्या जलवाहिन्या शहराला पुरत नाहीत. 1680 कोटींची नवी योजना 2019 मध्ये मंजूर झाली, पुढं खर्च 2740 कोटींवर गेला. आणि हा जाब विचारायचा कुणाला? एप्रिल 2020 मध्ये महापालिकेची मुदत संपली, त्यानंतर पाच वर्षांहून जास्त काळ सभागृहात एकही नगरसेवक नव्हता. दोष महापालिका असण्यात नाही, ती निवडून आलेली नसण्यात होता. कंपनी आली तर तिला तुम्ही निवडणूक लावणार का?

ज्या शहरात मलिक अंबरनं सतराव्या शतकात नहरीनं, म्हणजे भुयारी पाटानं, पाणी फिरवलं, त्या शहराला पाण्याची अक्कल बाहेरून आणायला सांगतात, याचा मला फार राग येतो.

मैलापाण्याचा तर ग्रुपवर विषयच निघत नाही. शहरातल्या खाम नदीत आपण काय सोडतो ते सगळ्यांना माहीत आहे, आणि खाम पुढं गोदावरीलाच मिळते.

यावर धाकट्या चुलतभावानं लिहिलं, "तुझ्या नळाला रोज पाणी. तुला बोलायला काय जातं?" त्या रात्री मला झोप लागली नाही. तो खोटं बोलत नाहीये. लाइनमननं पहाटे पाणी सोडलं की मोटर लावायला उठते ती वहिनी. मी गावी आलो की ती जादा टँकर मागवते, माझ्यासाठी जारचं पाणी वेगळं ठेवते, आणि मला बादली उचलू देत नाही. ज्या घरात लहानपणी हौद घासायचं काम माझं होतं, तिथं आता मी पाहुणा आहे. हे मला सोसत नाही, म्हणून कदाचित मी ग्रुपवर इतका भांडतो. इथं शेजाऱ्यांशी होजपाइप बॅनवर, म्हणजे टंचाईत बागेला पाइपनं पाणी घालायच्या बंदीवर, बोलतो तेव्हा असं पोटात तुटत नाही.

मतदार यादीत माझं नाव नाही, पासपोर्ट बदलला तेव्हाच ते गेलं. पण वडिलांच्या मागं पाणीपट्टी माझ्या नावानं येते आणि ती मी दरवर्षी भरतो. ती भरतोय तोवर मी बोलणार. तुम्हाला तर मतही आहे. दारात येणाऱ्या नगरसेवकाला आधी विचारा, नवी जलवाहिनी आपल्या वॉर्डाच्या टाकीला कधी जोडणार, आणि खाममध्ये जाणारा आपला नाला कधी बंद होणार.