कोरोनात गेलेल्यांचा हिशोब एका गुणाकारात बसत नाही

तो मेसेज परत फिरायला लागलाय. कोरोनात देशात ५.३ लाख माणसं गेली, दरडोई जीडीपी (म्हणजे माणशी वर्षाचं उत्पादन) दीड लाख, गुणाकार केला की साधारण ८ हजार कोटी, आणि देशाचा जीडीपी २०० लाख कोटी, म्हणजे नुकसान किरकोळ. वर असंही लिहिलंय की गेलेले बहुतेक साठीपुढचे, न कमावणारे होते आणि खरं नुकसान लॉकडाऊननेच केलं. आकडेमोड बरोबर आहे, पण मांडणी साफ चुकली आहे आणि लोक ती खरी मानून पुढे ढकलतायत म्हणून लिहितोय.

पहिली गोष्ट, हा गुणाकार एकाच वर्षाचा आहे. माणूस गेला की त्याची पुढची सगळी वर्षं जातात ना. आपल्याकडे अपघाताच्या भरपाईत कोर्टं हेच धरतात. सुप्रीम कोर्टाच्या २००९ च्या सरला वर्मा निकालातला तक्ता बघा, ३६ ते ४० वयाच्या माणसाचं वर्षाचं उत्पन्न (स्वतःवरचा खर्च वजा करून) १५ ने गुणतात, आणि पासष्टीच्या पुढे गेलेल्यालाही ५ ने. मेसेजवाल्याने सगळ्यांना १ ने गुणलंय.

मृतांचा आकडाही सरकारी नोंदीतला. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० आणि २०२१ या दोन वर्षांचा अंदाज ४७ लाख जादा मृत्यूंचा (नेहमीच्या प्रमाणापेक्षा जास्त झालेल्या मृत्यूंचा) होता. सरकारने तो फेटाळला, पद्धतीवर वाद आहेच, पण टेस्ट न होता घरीच गेलेली माणसं नोंदीत आली नाहीत हे तर दुसऱ्या लाटेत सगळ्यांनी बघितलंय.

आता 'न कमावणारे', याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. आमच्या बिल्डिंगमधली एक बाई २०२१ च्या एप्रिलमध्ये गेली, पगार शून्य. त्यानंतर नवऱ्याला स्वयंपाकाला बाई लावावी लागली, धाकट्याला पाळणाघर, मोठीला क्लास, आणि सासूबाईंच्या इन्सुलिनला रोज नर्स. हे सगळे पैसे जीडीपीत मोजले जातात, ती फुकट करायची तेव्हा मोजले जात नव्हते, म्हणजे कागदावर तिच्या जाण्याने जीडीपी वाढला! ज्या मापात हे असं दिसतं ते माप इथे लावायचंच कसं? सरकारच्याच २०१९ च्या वेळ-वापर सर्व्हेत घरकाम करणाऱ्या बायकांची रोजची सरासरी २९९ मिनिटं निघाली, पुरुषांची ९७.

आणि अर्थतज्ज्ञ जीवाचं मोल पगारावरून काढतच नाहीत, निदान फक्त पगारावरून तर नाहीच. ते बघतात की मरणाचा धोका थोडा कमी करायला लोक किती पैसे मोजायला तयार आहेत. समजा १ लाख लोक, प्रत्येकाचा धोका लाखात एकाने कमी होणार आणि त्यासाठी प्रत्येकजण १०० रुपये द्यायला तयार, तर वाचणाऱ्या एका जीवामागे १ कोटी झाले. याच विचाराने कटलर आणि समर्स या अमेरिकन अर्थतज्ज्ञांनी ऑक्टोबर २०२० मध्ये एका मृत्यूमागे ७० लाख डॉलर धरले आणि आजारपण, बुडालेलं उत्पन्न सगळं मिळून अमेरिकेचं नुकसान १६ ट्रिलियन (१६ लाख कोटी) डॉलर काढलं, तिथल्या वर्षाच्या जीडीपीच्या ९० टक्के. म्हाताऱ्यांचं मोल कमी धरायचा प्रयत्नही तिथे झालाय, पर्यावरण खात्याच्या एका हिशोबात सत्तरीपुढच्यांसाठी ३७ टक्के कमी धरले होते, केवढी बोंब झाली, २००३ मध्ये ते सोडून द्यावं लागलं. आणि तेही ३७ टक्केच कमी, शून्य नव्हे. आपल्याकडे साठीच्या माणसाला सरासरी अजून १८ एक वर्षं आयुष्य असतं.

राहिला लॉकडाऊन. मार्च २०२० चा आपला लॉकडाऊन फार कडक होता, मजूर शेकडो किलोमीटर चालत गेले, ते नुकसान खरंच आहे. पण लॉकडाऊन नसता तर बाजार नेहमीसारखे भरले असते हे कुणी सांगितलं? गूल्सबी आणि सिव्हर्सन या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या मोबाइल डेटावरून दुकानांतली वर्दळ तपासली, ती ६० टक्क्यांनी पडली होती आणि त्या ६० पैकी सरकारी बंदीमुळे फक्त ७, बाकीची घट लोक आपणहून घरी बसल्याने झाली होती कारण शेजारीपाजारी माणसं मरत होती. ते नुकसान साथीच्या खात्यात जातं, या मेसेजने ते सगळंच्या सगळं लॉकडाऊनच्या नावावर टाकलंय.