बंदोबस्त उठला हे पॉइंटवरच्या माणसाला कोण सांगणार?

रात्री पावणेबाराला ग्रुपवर मेसेज येतो. ‘उद्या सकाळी ५ वा. सर्वांनी हजर राहणे. गैरहजर राहिल्यास कारवाई.’ बस, एवढंच. कशासाठी, किती वेळ, जेवणाचं काय, एक शब्द नाही. नवरा ‘जय हिंद सर’ टाकतो आणि साडेतीनचा गजर लावतो.

मी पोलिसाची बायको आहे. शहर आणि ठाणं सांगत नाही, त्रास त्याला होईल. तो स्वतः लिहू शकत नाही. १९६६ च्या कायद्याने परवानगीशिवाय त्याला ना संघटनेत जाता येत, ना पेपरवाल्यांशी बोलता येत. १९८२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत पोलीस रस्त्यावर उतरले, तर सरकारने त्यांची संघटनाच मोडून काढली. तेव्हापासून शिपायाने फक्त ऐकायचं. पण ऐकायला धड कोणी काही सांगतं का?

परवाचंच घ्या. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. आठ दिवस आधी अर्ज दिला, रजा मंजूर झाली. आणि आदल्या रात्री हा मेसेज. त्याने ड्युट्या लावणाऱ्या हजेरी मास्तरला फोन केला, ‘माझी रजा आहे ना?’ उत्तर मिळालं, ‘मला काय विचारतोस, वरून आलंय.’ वरून म्हणजे कोण? रजा कोणी रद्द केली, हे आजपर्यंत आम्हाला कळलेलं नाही.

पाचला हजेरी, मग तासभर नुसतं उभं. ब्रीफिंगमध्ये काय, तर ‘सतर्क राहा’. एका पुलाखाली पॉइंट, म्हणजे उभं राहायची जागा, मिळाली. मंत्री येणार होते. दौरा सकाळी नऊलाच रद्द झाला होता आणि साहेबांच्या गाड्या दहाच्या आत परतलेल्या. माझा नवरा दुपारी चारला तिथेच उन्हात! वायरलेस सेट इन्चार्जच्या गाडीत, याच्याकडे नाही. मंत्री येणार नाहीत, हे त्याला समोरच्या रसवंतीवाल्याने मोबाइलवर बातमी बघून सांगितलं. राज्याच्या पोलिसाला! फौजदारांना फोन केला तर, ‘आदेश येईपर्यंत पॉइंट सोडायचा नाही.’ आदेश आला सव्वासहाला. ऑपरेशनला सासूबाईंना मी आणि शेजारच्या काकू घेऊन गेलो.

कामाची तक्रार नाही माझी. विसर्जनाला चोवीस-चोवीस तास उभा राहिलाय तो, मी कधी ब्र काढला नाही. पण ‘बंदोबस्त उठला, घरी जा’ एवढं सांगायला अर्धं मिनिट लागतं, आणि ते अर्धं मिनिट द्यावं असं कोणालाच वाटत नाही. याचा मला संताप येतो.

आणि कोणी म्हणू नये की ही घरगुती रडारड आहे. निरोप पोचला नाही की माणसं मरतात, हे महाराष्ट्राने २६/११ ला बघितलंय. करकरे, कामटे, साळसकर रंगभवनच्या गल्लीत पडले. त्या रात्री वायरलेसवर काय बोललं गेलं, हे शोधायला विनिता कामटेंना माहितीच्या अधिकारात अर्ज करावे लागले. शहीद अधिकाऱ्याच्या पत्नीला! केंद्राकडून आलेल्या इशाऱ्यांच्या हाताळणीत राज्य पातळीवर गोंधळ होता, हे त्या हल्ल्याची चौकशी करणाऱ्या प्रधान समितीने लिहून ठेवलंय. इशारे होते, पण कागदावर. रस्त्यावरच्या शिपायाच्या कानापर्यंत ते आले नाहीत.

त्याच रात्री एक निरोप मात्र वेळेवर पोचला. पळवलेल्या स्कोडा गाडीची माहिती वायरलेसवरून गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीला मिळाली. तिथे बहुतेकांच्या हातात काठ्याच होत्या. तुकाराम ओंबळेंनी बंदुकीची नळी धरून ठेवली, जीव दिला आणि कसाब जिवंत सापडला. खालच्या माणसाला नीट सांगितलं तर तो काय करू शकतो, याचा याहून मोठा पुरावा कुठला हवा?

खालचं ऐकलं तरी किती फरक पडतो. आठ तासांच्या ड्युटीची योजना मुंबईत एका शिपायाने मांडली, आयुक्त पडसलगीकरांनी ती ऐकून घेतली आणि २०१६ मध्ये देवनार ठाण्यात करून बघितली. आमच्याकडे कोणी विचारलं की ‘उलट बोलतो’ म्हणून कसुरी काढतात, म्हणजे कामात कसूर केल्याचा अहवाल पाठवतात. विचारायचं काय असतं त्याला? कुठे उभं राहू, कशावर लक्ष ठेवू, आणि कधी सुटणार. हे तीन प्रश्न विचारणं म्हणजे शिस्तभंग?

त्या दिवशी घरी यायला त्याला साडेसात वाजले. बूट न काढताच आईंच्या खोलीत गेला, डोळ्यावरची पट्टी बघितली, त्यांचा हात धरून बसला. मी बूट काढले, तर पाय सुजून मोजे रुतलेले. तेवढ्यात ग्रुपवर मेसेज आला, ‘उद्या सर्वांनी हजर राहणे.’ या वेळी वेळसुद्धा लिहिली नव्हती.