शंभर डॉलरला सोडलेला खेळाडू

काही वर्षांपूर्वी ऑक्टोबरात मी मुलाकडे अमेरिकेत मिनियापोलिसला होतो. रविवारी सकाळी सुनेने मॅरेथॉन बघायला नेलं. धावणाऱ्यांचा लोंढा चाललेला, आणि रस्त्याच्या कडेला एक उंचेपुरे, सत्तरी ओलांडलेले कृष्णवर्णीय गृहस्थ अंगाभोवती भलंमोठं ट्यूबा वाद्य अडकवून जोरजोरात वाजवत होते. धावणारे हात उंचावून त्यांना दाद देत होते. मला वाटलं, बँडवाले असतील. सून म्हणाली, "बाबा, हे अ‍ॅलन पेज. इथल्या मिनेसोटा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती होते. आणि त्याआधी फुटबॉल खेळायचे, तेही एकदम वरच्या दर्जाचं."

मी एकतीस वर्षं शाळेत क्रीडाशिक्षक होतो. त्या दिवसापासून हा माणूस माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

अमेरिकन फुटबॉल आपल्याकडे फार कोणी बघत नाही, म्हणून थोडं सांगतो. पेज डिफेन्सिव्ह टॅकल होते. समोर शंभर-सव्वाशे किलोच्या पाच जणांची भिंत, त्या भिंतीमागे चेंडू घेऊन उभा क्वार्टरबॅक. ती भिंत फोडायची आणि चेंडू फेकायच्या आत त्याला गाठायचं, हे काम. आपल्या कबड्डीत जसं टाळ्या चढाईवाल्याला आणि खांदे निखळतात कोपऱ्यातल्याचे, तसंच तिथेही आहे. सगळं कौतुक क्वार्टरबॅकचं. म्हणूनच १९७१ साली एनएफएल या तिथल्या व्यावसायिक लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून पेज निवडले गेले, ही साधी गोष्ट नव्हती. बचावफळीतल्या खेळाडूला तो मान पहिल्यांदाच मिळत होता. त्यानंतर आजवर तो फक्त एकाला मिळालाय, १९८६ साली लॉरेन्स टेलरला.

ओहायोतल्या कँटन गावचा हा मुलगा. नोत्र दाम विद्यापीठातून राज्यशास्त्राची पदवी घेऊन १९६७ साली मिनेसोटा व्हायकिंग्ज या संघात आला. तो, कार्ल एलर, जिम मार्शल आणि गॅरी लार्सन ही चौघांची फळी 'पर्पल पीपल ईटर्स' म्हणून गाजली. ब्लूमिंग्टनच्या उघड्या मैदानावर, हाडं गोठवणाऱ्या थंडीत हे लोक खेळायचे आणि प्रशिक्षक बड ग्रँट मैदानाच्या कडेला हीटरसुद्धा ठेवू द्यायचे नाहीत. आज त्याच जागी मॉल ऑफ अमेरिका उभा आहे. आपली मंडळी तिकडे गेली की त्या मॉलमध्ये एक चक्कर टाकतातच. मीही टाकली होती, पायाखाली काय होतं याचा पत्ता नसताना. संघ चार वेळा सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि चारही वेळा हरला. हे आकडे मी पटकन उरकतोय, कारण मला बोलायचंय ते वेगळंच आहे.

खेळ ऐन भरात असताना पेज यांनी मिनेसोटा विद्यापीठात कायद्याला प्रवेश घेतला. दुखापत झाली म्हणून नाही, निवृत्ती जवळ आली म्हणूनही नाही. दर आठवड्याला अंगावर सव्वाशे किलोची माणसं घेणारा माणूस वर्गात बसायचा, परीक्षा द्यायचा. १९७८ साली पदवी मिळाली. त्याच सुमारास पत्नी डायान यांनी सिगरेट सुटावी म्हणून पळायला सुरुवात केली होती. त्यांच्यासोबत हेही पळू लागले आणि वजन उतरलं. व्हायकिंग्जच्या मते या जागेवरच्या खेळाडूला ते वजन फारच कमी होतं. १९७८च्या हंगामात मध्येच त्यांना सोडून देण्यात आलं आणि शिकागो बेअर्स या दुसऱ्या संघाने त्यांना घेतलं. किती रकमेला? शंभर डॉलर. तेव्हाच्या नियमाप्रमाणे अशा खेळाडूसाठी तेवढीच रक्कम द्यावी लागायची.

शिकागोत ते आणखी जवळजवळ चार हंगाम खेळले. पंधरा वर्षांत २१८ सामने, एकही चुकवला नाही. १९७९ साली पूर्ण मॅरेथॉन धावले. लीगमध्ये खेळत असताना मॅरेथॉन पूर्ण करणारे ते पहिले. म्हणजे ज्या धावण्यामुळे ते नालायक ठरले, ते धावणं त्यांनी सोडलं नाही, आणि खेळही सोडला नाही. हे वाचताना मला अक्षरशः भरून आलं होतं.

पुढे वकिली, मग राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलच्या कार्यालयात नोकरी. तिथे न्यायमूर्तीही मतदानाने निवडले जातात. १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निवडणुकीला उभं राहायचं तर राज्यपालांनी त्या जागेवरच्या न्यायाधीशांची मुदतच वाढवून दिली होती. पेज थेट कोर्टात गेले, जिंकले, निवडणूक झाली, तीही जिंकले. मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयातले पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती. २०१५ साली सत्तरी गाठल्यावर नियमानुसार निवृत्त झाले.

पण मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट कुठल्याच विक्रमात नाही. एकदा संघाच्या बैठकीत प्रशिक्षकाने खेळाडूंना डावपेचांच्या वहीतलं मोठ्याने वाचायला सांगितलं. पेज यांच्या लक्षात आलं की काही सहकाऱ्यांना धड वाचताच येत नाही. शाळा झाली, कॉलेज झालं, तरी वाचता येत नाही. चेंडू पळवता येतो ना, मग जाऊ दे, असं म्हणत प्रत्येकाने त्यांना पुढे ढकललेलं. १९८८ साली कँटनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे फुटबॉलमधल्या थोर खेळाडूंच्या सन्मान-दालनात, गौरव झाला (त्या इमारतीच्या बांधकामावर त्यांनी तरुणपणी कामही केलं होतं!) तेव्हा ते खेळावर नाही, शिक्षणावर बोलले. स्वतःची ओळख करून द्यायला त्यांनी प्रशिक्षक नाही बोलावला, मिनियापोलिसच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका बोलावल्या. त्याच वर्षी शिष्यवृत्तीची संस्था काढली. अट अशी, पैसे घेणाऱ्याने लहान मुलांच्या अभ्यासासाठी आपला वेळ द्यायचा.

आता माझी गोष्ट, जी मी घरीसुद्धा नीट सांगितलेली नाही. माझ्याकडे एक पोरगा होता. डावा कोपरा. त्याने पायाला घातलेली पकड सुटताना मी पाहिली नाही. जिल्हा, विभाग, सगळीकडे तो हवा असायचा. मी त्याला तासाला बसू द्यायचो नाही. मराठीच्या बाईंनी दोनदा सांगितलं, "सर, याला वाचता येत नाही." मी म्हणालो, "बाई, स्पर्धा होऊ दे." स्पर्धा काही संपल्या नाहीत. दहावीला तो बसला आणि राहिला. पुढे गुडघा गेला. एकदा बँकेत भेटला, पैसे काढायची स्लिप हातात. म्हणाला, "सर, एवढं भरून देता?" त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. मी स्लिप भरली आणि घरी येऊन जेवलो नाही.

म्हणून कोणी क्रीडाशिक्षक, कोच मला म्हणाला की खेळाडूला अभ्यासाचं ओझं नको, तर माझं डोकं फिरतं. ते ओझं आपण उतरवत नसतो, पोराच्या हातातली वस्तू काढून घेत असतो, आणि बदल्यात एक ढाल शाळेच्या कपाटात ठेवतो. पेज यांना अपवाद म्हणून सोडून देणारेही भेटतात, "त्यांचं डोकंच तसलं होतं." असेल. पण वहीवर अडखळणाऱ्या त्या सहकाऱ्यांचं डोकं नव्हतं असं कोण म्हणेल? त्यांना कोणी बसवलंच नाही.

परत आल्यावर मी आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या पोरांना सांगितलं, मंगळवारी आणि शुक्रवारी सरावाआधी अर्धा तास वाचन, मग मॅटवर. पहिल्या महिन्यात चौघे यायचेच बंद झाले. सध्या नऊ जण येतात. पेपरातलं खेळाचं पान घेतो, प्रत्येकाने चार ओळी मोठ्याने वाचायच्या. गेल्या मंगळवारी आमच्या उजव्या कोपऱ्याची पाळी होती. 'उपांत्यपूर्व' या शब्दावर तो अडला. शेजारचा सांगायला लागला, त्याला मी हातानेच थांबवलं. बाहेर पोरं दोऱ्या सोडून मॅट अंथरायला लागली होती. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत बसून राहिलो.